लेखकाचे नाव आणि लेखकाची छबी



आजचा विषय आम्ही कळविला तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांनी हसून विचारले, "नाव आणि फोटो एवढ्यावर तासभर काय बोलणार?" शंका रास्त होती. विषय दिसावयास लहान आहे. पण तो आम्हांस सुचला कसा, ते आधी सांगतो. म्हणजे तो वाटतो तितका लहान नाही हे आपल्या ध्यानी येईल.

गेल्या दिवाळीत ओळखीच्या घरातली एक मुलगी आमच्याकडे आली. कॉलेजात शिकते, कथा लिहिते आणि चांगल्या लिहिते. संपादकाच्या पोस्टकार्डाची महिना-महिना वाट पाहण्याचे दिवस आता उरले नाहीत. रात्री लिहिलेली गोष्ट मोबाईलवरून सकाळपर्यंत चार जिल्ह्यांत जाते. मात्र तेथे पहिल्याने दोन जागा भराव्या लागतात, एक नावाची आणि एक फोटोची. तिचे घोडे नेमके तेथेच पेंड खात होते. ती म्हणाली, "सर, आडनाव लावलं की लोक आधी जात वाचतात आणि मग कथा. फोटो लावला की कथा बाजूला राहते, फोटोखालीच काहीबाही लिहितात. आणि दोन्ही नाही लावलं, तर घरचे म्हणतात, तोंड लपवूनच लिहायचं तर लिहितेस कशाला?"

त्या दिवशी आम्हांस तिला धड उत्तर देता आले नाही. आज जे बोलणार आहोत ते त्या उशिरा सुचलेल्या उत्तराचेच टिपण समजावे.

हा प्रश्न मोबाईलने निर्माण केला असे आपणांस वाटेल. पण तो आपल्या भागात सातशे वर्षांचा आहे. पुसेगावाहून नरसी काही फार दूर नाही. कयाधूकाठच्या ज्या नरसीला आपण नामदेवांचे गाव म्हणून मान देतो, त्या नामदेवांनी आपल्या अभंगांच्या अखेरीस स्वतःचे नाव घातले, 'नामा'. त्या काळी ना छापखाना होता, ना मुखपृष्ठ. अभंग एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानी जाई. तेव्हा हा शब्द कोणाचा, हे सांगावयास कवितेच्या पोटातच नाव ठेवणे भाग होते. त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. ही मुद्रा किती दूर चालली पहा. शिखांच्या आदिग्रंथाचे संकलन १६०४ साली झाले. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत आणि ती नामदेवांच्याच नावाने आहेत. मुलूख बदलला, लिपी बदलली, पण नाव सुटले नाही.

आता त्याच परंपरेतली दुसरी नावे पहा. गंगाखेडची जनाबाई स्वतःस नामयाची दासी म्हणविते. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई आपल्या अभंगांत 'चोखियाची महारी' अशी सही करतात. ज्या शब्दाने गाव त्यांना दूर उभे करीत होते, तोच शब्द त्यांनी आपल्या सहीत घातला आणि ताठ मानेने देवासमोर ठेवला. आडनाव पाहून आधी जात वाचणारे लोक तेव्हाही होतेच. सोयराबाईंनी त्यांना वाचावयासाठी ती स्वतःच लिहून ठेवली. हे धैर्य सर्वांना झेपेल असे नाही, आणि ते कोणावर लादण्याचा अधिकारही कोणाला नाही. पण तो एक मार्ग आहे, आणि तो आपल्याच मातीत निघालेला आहे.

नावाच्या निष्काळजीपणाने काय होते, याचेही उदाहरण याच घरातले आहे. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा या नावाचे कवी होऊन गेले. त्यांनी मराठीत महाभारत रचले. त्यांच्याही रचनेत 'नामा' होताच. पुढे लिहून घेणाऱ्यांनी एका नाम्याचे अभंग दुसऱ्याच्या वहीत घातले आणि नामदेवांच्या गाथेत दोघांची सरमिसळ झाली. अभ्यासकांना कोणते कोणाचे हे निवडीत बसावे लागले. दोघांपैकी कोणाचाही यात अपराध नव्हता. केवळ नाव एक होते. आज तर एका नावाची शंभर माणसे एका क्षणात समोर येतात. तेव्हा नाव निवडताना, या नावाने आधी कोणी लिहिते आहे काय, हे पाहून घेणे हा शहाणपणाचा पहिला धडा होय.

आता अर्वाचीन काळाकडे येऊ. कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले, म्हणजे केशवाचा मुलगा. राम गणेश गडकरी कवितेपुरते 'गोविंदाग्रज' झाले, म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ. विष्णु वामन शिरवाडकर यांनी बहिणीच्या नावावरून 'कुसुमाग्रज' हे नाव घेतले. सातोन्याचे भगवान रघुनाथ कुलकर्णी 'बी. रघुनाथ' या नावाने लिहीत. स्वतःच्या नावाचे एक अक्षर आणि वडिलांचे नाव एवढेच त्यांनी ठेवले. या सर्वांनी आडनाव बाजूस ठेवले. जात दिसू नये म्हणून ठेवले असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणावयास आधार नाही. पण आडनावावाचून लेखक उभा राहू शकतो, हे त्यांनी आपणांस दाखवून दिले. आणि दुसरी गोष्ट अशी, की ही नावे अंतराळातून आणलेली नाहीत. कोणाचा बाप त्यांत आहे, कोणाची बहीण आहे. आईचे नाव मात्र या यादीत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांत आईचे नाव लावणे महाराष्ट्रात आवश्यक झाले आहे. मग लिहिणाऱ्या मुलीने स्वतःचे आणि आईचे नाव जोडून लिहिले, तर वावगे काय?

गडकऱ्यांनी आणखी एक केले. कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला 'बाळकराम' आणि नाटकाला स्वतःचे नाव, अशी वाटणी केली. शिरवाडकरांनीही कवितेस एक आणि नाटकास दुसरे नाव ठेवले. ज्याचे लेखन खरोखर दोन प्रकृतींचे आहे त्याला हे शोभते. नवशिक्याने मात्र दर सहा महिन्यांनी नाव पालटू नये. वाचक नावाच्या खुणेने परत येतो. खूणच हलली तर तो वाट चुकतो.

आता त्या मुलीच्या घरच्यांचा आक्षेप, तोंड लपविण्याचा. त्याचे उत्तर दोन नावांत आहे. गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात त्यांनी आपल्याच समाजाच्या दोषांवर पत्रे लिहिली, ती 'लोकहितवादी' या नावाने. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक आले. शिकलेल्या, अविवाहित राहिलेल्या स्त्रियांचे मन त्यात उघडे केले होते. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. ही बाई कोण, यावर महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! पुढे कळले की त्या मालतीबाई बेडेकर. त्या वेळी खऱ्या नावाने ते पुस्तक आले असते, तर चर्चा पुस्तकाची न होता एका स्त्रीच्या चारित्र्याची झाली असती. नावाच्या आडोशाने पुस्तक वाचले गेले. आणि नाव उघड झाल्यावरही त्यांनी ते टाकले नाही. 'बळी' ही त्यांची १९५० ची कादंबरी त्याच नावाने आहे.

मग आडोसा आणि बुरखा यांत भेद कोणता? आम्हांस तो असा दिसतो. लोकहितवादींनी किंवा विभावरीबाईंनी आडून लिहिले, पण लिहिलेल्या शब्दास ते नेहमी जबाबदार राहिले. नाव उघड झाले तेव्हा मान खाली घालण्यासारखे एक वाक्यही त्यांत नव्हते. उलट आज पुष्कळ लोक खोटे नाव घेतात ते केवळ दुसऱ्यावर चिखल फेकून पळता यावे म्हणून. तेव्हा कसोटी सोपी आहे. उद्या सकाळी हे नाव कोणाचे ते गावात कळले, तर आपण लिहिलेल्या प्रत्येक ओळीपाशी उभे राहू काय? उत्तर 'होय' असेल तर टोपणनाव खुशाल घ्यावे. ते तोंड लपविणे नव्हे.

राहिला फोटो. नामदेवांचा किंवा तुकोबांचा फोटो कोठला? तरीही तुकोबा म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर एक चेहरा येतो. तो बहुतेकांच्या बाबतीत विष्णुपंत पागनीसांचा असतो. प्रभातच्या 'संत तुकाराम' या १९३६ च्या बोलपटात त्यांनी तुकोबांची भूमिका केली, आणि नटाचा चेहरा घरोघरच्या तसबिरीत संताचा चेहरा होऊन बसला. यावरून दोन गोष्टी कळतात. वाचकाला चेहरा हवाच असतो. आपण दिला नाही तर तो कोठून तरी आणतो. आणि दुसरी, चेहरा मागाहून येतो. शब्द भक्कम असतील तर ते चेहऱ्यावाचूनही तीनशे वर्षे चालतात.

म्हणून फोटो लावावयाचा असेल तर तो आजचा आणि आपलाच असावा. वीस वर्षांपूर्वीचा नसावा, आणि यंत्राने रंग उजळून नाक सरळ केलेलाही नसावा. बाजारात भेटलेल्या वाचकाने आपल्याला ओळखले पाहिजे. उजेडाकडे तोंड करून, आपल्याच ओसरीवर किंवा शेताच्या बांधावर काढलेला साधा फोटो पुरतो. हाती उगाच जाड ग्रंथ धरू नये आणि हनुवटीस बोट लावून चिंतनही करू नये. आणि ज्या मुलीला फोटो द्यावयाचा नाही, तिने तो देऊ नये. त्यासाठी तिला कोणाला कारण सांगण्याची गरज नाही. चित्रानेही काम भागते. 'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने लिहीत, तेव्हा वसंत सरवट्यांनी त्या ठणठणपाळाला रेषांतून रूप दिले. वाचकांनी ते चित्रच त्या लेखकाचे तोंड मानले, आणि कोणाची फसवणूक झाली नाही, कारण ते चित्र आहे हे सर्वांस दिसत होते. दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून लावणे ही फसवणूक. आपल्या दारच्या लिंबाचे चित्र लावणे ही फसवणूक नव्हे.

एक सूचना मात्र कळकळीने करतो. पदवी आपण होऊन लावू नये. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या वयाच्या मुलाला जाणत्यांनी 'बालकवी' म्हटले, म्हणून ते नाव टिकले. तुकाराम भाऊराव साठे लोकांचे 'अण्णाभाऊ' झाले. स्वतःच स्वतःस कविरत्न म्हणविणाऱ्याचे रत्न दुसऱ्या कोणाला दिसत नाही.

परवा ती मुलगी पुन्हा भेटली. तिने स्वतःचे आणि आईचे नाव जोडून घेतले आहे आणि फोटोच्या जागी घरच्या जात्याचे चित्र ठेवले आहे. घरी काय म्हणाले, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "बाबा काही बोलले नाहीत. आई मात्र रोज विचारते, आज माझ्या नावानं काय लिहिलंस?"

मुलीच्या शब्दाला आता घरातलेच एक माणूस जामीन राहिले आहे. नावाने यापेक्षा अधिक काय करावयाचे असते?