शेवटच्या बाकावरचे ‘आमेन’



संमेलनाध्यक्षाने साहित्यावर बोलावे अशी रीत आहे. मी कृपादानांवर, म्हणजे पवित्र आत्म्याने मंडळीला दिलेल्या दानांवर बोलणार आहे. लेखन हे त्यांतलेच एक दान आहे आणि मंडळीच्या उन्नतीची कसोटी त्याला माफ नाही.

करिंथच्या मंडळीत दानांची वाण नव्हती. इ. स. 55 च्या सुमारास प्रेषित पौलाने तिला पत्र लिहिले, तेव्हा तिथे अन्य भाषा बोलणारे होते, संदेश देणारे होते, रोग बरे करणारे होते. आणि तट पडलेले होते. प्रभुभोजनाला काही जण तुडुंब जेवत, काही उपाशी राहत. पौल दाने बंद करत नाही, त्यांना शिस्त लावतो. अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावे. न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच त्याला मोलाचे वाटतात. ज्याला काहीच उमगले नाही तो ‘आमेन’ कसा म्हणणार, असा त्याचा रोकडा सवाल आहे. (याच पत्राचा प्रीतीवरचा तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो, तो या भांडणाच्या ऐन मध्यावर लिहिलेला आहे, हे नवरानवरीला कुणी सांगत नाही.)

आपल्याकडचे उदाहरण केडगावचे. 1905 मध्ये तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात आत्मिक संजीवन झाले. मुली एकाच वेळी, मोठ्याने, तासन्‌तास प्रार्थना करीत. हे आपण फार आवडीने सांगतो. पण त्याच आवारात छापखाना होता, आणि तिथे मुली खिळे जुळवीत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत उतरवत होत्या. संस्कृत जिच्या जिभेवर, त्या बाईने साध्या शब्दांचा हट्ट धरला, कारण खेड्यातल्या बाईला ते वाचून कळायला हवे होते. 1922 मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रार्थनेचा आवेश आणि मुद्रिते तपासण्याची चिकाटी यांत उच्चनीच लावण्याचे धाडस मला होत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. तिचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 मध्ये वारले तेव्हा त्यांचे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय तिने लिहिले. तिच्या तरुणपणी एखाद्या मंडळीने दानांची यादी केली असती, तर तिचे नाव स्वयंपाकाच्या रकान्यात पडले असते.

आपल्या याद्या अजून तशाच आहेत. पोस्टरवर वक्त्याचा फोटो येतो. दवाखान्यात दुसऱ्याच्या आजाऱ्यापाशी रात्र काढणारी बहीण आणि वर्गणीचा हिशेब पैशापैशाने लावणारा खजिनदार यांना आपण ‘मदत करणारे’ म्हणतो. पौलाने मात्र साहाय्य आणि व्यवस्था ही दाने आरोग्यदानाच्या शेजारी, एकाच वाक्यात मोजली आहेत. इफिसकरांस लिहिताना तो म्हणतो की पाळक दिले ते पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला. आपण पाळकसाहेबांनाच उपदेश, भेटी, वर्गणी आणि नाताळचा मंडप सोपवतो, आणि ते थकले की बदलीचा अर्ज करतो.

आता आपण लेखक. आपले ग्रंथ आपणच एकमेकांना भेट देतो, परीक्षणेही आपणच लिहितो. शब्बाथशाळेत आठ वर्षांच्या मुलाला उधळ्या पुत्राची गोष्ट सांगणाऱ्या शिक्षिकेला आपल्यातल्या किती जणांचे पुस्तक कामाला येते? मला या प्रश्नाची धास्ती वाटते.

म्हणून एक ठराव मांडतो. पुढच्या संमेलनात एक पूर्ण सत्र शब्बाथशाळेच्या शिक्षकांना द्यावे. त्यांनी व्यासपीठावर बसून आपल्याला काय हवे ते सांगावे. साहित्यिकांनी खाली बसून लिहून घ्यावे. त्या सत्राला अध्यक्ष नसला तरी चालेल. कार्यवाहांनी हे इतिवृत्तात नोंदवावे, आणि अनुमोदन कोण देतो ते मला आत्ताच पाहायचे आहे.