पिंजरा स्वयंपाकघरात नको

खर्डी, आटगाव, कसाऱ्याकडून ऐकणाऱ्यांना आज एकच सांगणं आहे. पक्ष्याचा पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नका. रानातला हिरवा राघू पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे, तेव्हा मी बोलतोय ते बजरी आणि लव्हबर्डबद्दल.

आपली उताराची भातखाचरं डोळ्यांपुढे आणा. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरतं, तिथून पुढच्या; मागे फिरत नाही. पक्ष्याच्या फुफ्फुसातून हवा अशीच एका दिशेने वाहते. शरीरातल्या हवेच्या पिशव्या ती पुढे ढकलतात, म्हणून श्वास सोडतानाही त्याला ताजी हवा मिळते. उडणाऱ्या जिवाला तेवढी लागतेच. पण वरच्या खाचरात कुणी तणनाशकाचा डबा धुतला, तर खालचं एक तरी खाचर सुटेल का?

घरातला तो डबा म्हणजे नॉनस्टिक तवा. रिकामा तवा मोठ्या आचेवर राहिला आणि २६० अंश सेल्सिअसच्या वर तापला, की त्यावरच्या टेफ्लॉनच्या थराचं विघटन होऊन विषारी वायू सुटतो. आपल्याला वासही येत नाही, आणि पक्षी काही मिनिटांत पिंजऱ्याच्या तळाशी पडतो. मग घरात म्हणतात, उन्हाने गेला, नजर लागली. नाही हो! ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८०च्या दशकापर्यंत कॅनरी पक्षी खाली नेत, ते याचसाठी. विषारी वायू माणसाआधी त्यांना बाधतो.

खिडकी उघडी आहे, असं सांगू नका. स्टेशनजवळच्या नव्या खोल्यांत ओटा आणि बैठक यांत भिंत तरी कुठे असते? तिथे लोखंडी तवा वापरा. मच्छर अगरबत्ती, धूप, चुलीचा धूर, हेही त्याच पाटाने जातं.

वेळ होत आली, तेव्हा पिंजऱ्याबद्दल थोडक्यात. पक्ष्याला बसायला पेरूची किंवा कडुनिंबाची फांदी द्या, जाडी वेगवेगळी असू द्या. कण्हेरीची मुळीच नको, ती विषारी. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवरचं जस्त पक्षी चोचीने खरवडतात, ते पोटात गेलं की विषबाधा होते. स्टीलची जाळी उत्तम; ती परवडत नसेल तर व्हिनेगर आणि ब्रशने... ते पुढच्या वेळी सविस्तर. आज रात्रीच्या भाकरीआधी एवढं करा, पिंजरा उचला आणि दुसऱ्या खोलीत न्या.