भंगाराचा धंदा आणि आपली मुले
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



शिक्षणाच्या व्यासपीठावर भंगाराचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु मुंबईत कुर्ला, साकीनाका या भागांत जुने संगणक, टीव्ही आणि मोबाईल गोळा करून, फोडून पोट भरणारी कितीतरी कुटुंबे आपल्याच समाजातील आहेत.

कोणता संच दुरुस्त होईल, कोणत्याचे भाग विकले जातील, कशात तांबे निघेल, हे मुरलेला भंगारवाला एका नजरेत सांगतो. ही विद्याच आहे. तिला दाखला नाही, इतकेच. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन असा कचरा झाला. त्यातील पाव हिस्साही रीतसर कारखान्यांत गेल्याची नोंद नाही. आपल्या देशात उरलेले ओझे बहुतांशी या उघड्या हातांवरच पडते.

पण याच धंद्यात जहरही आहे. तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर निघतो. सर्किट बोर्डाच्या जुन्या डाखात शिसे असते. सोन्याच्या कणासाठी बोर्ड तेजाबात टाकतात आणि ते तेजाब शेवटी गटारात जाते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. बाप ज्या कामातून मुलाची फी भरतो, त्याच कामाची धूळ कपड्यांवरून घरी येऊन मुलाची बुद्धी मंद करते. याहून मोठे दुर्दैव कोणते?

म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांना या कामाला बसवू नका. घरात बोर्ड तापवू नका. कामाचे कपडे बाहेरच उतरवा, साबणाने हात धुऊन मगच जेवा. बोर्ड न जाळता नोंदणी असलेल्या कारखान्याला विका. गोळा करणे, निवडणे, दुरुस्त करणे ही हलाल कमाई आहे. तिची लाज कसली?

या कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०१२ मध्ये अमलात आले आणि एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू आहेत. त्यांत कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि आरोग्याची देखरेख ही राज्य सरकारची जबाबदारी ठरविली आहे. परंतु अर्ज लिहिणारा कोणी नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

विद्यार्थी मित्रांनो, तो अर्ज तुम्ही लिहा. कोणी आय.टी.आय.त इलेक्ट्रॉनिक्स शिका, कोणी रसायनशास्त्र, कोणी कायदा. इल्म मिळविणे आपण फर्ज मानतो. वडिलांचा धंदा लपविण्यासाठी नव्हे, तर त्यातील जहर काढण्यासाठी ते इल्म वापरा.