आजाराचं नाव कळलं, पुढचं कोण सांगणार?
(येरवडा येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



शौचावाटे रक्त पडतं, दिवसातून दहादा जावं लागतं. घरात संडास नसेल तर रांगेत उभं कसं राहायचं? मग बाई जेवणच कमी करते, गप्प बसते. शेवटी दुर्बिणीची तपासणी होते. डॉक्टर म्हणतात, 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' किंवा 'क्रोन्स'. चिठ्ठी इंग्रजीत. झालं!

तिला काय कळायला हवं? हा आतड्याच्या सुजेचा, दीर्घकाळ चालणारा आजार आहे. तो मूळव्याध नाही, संसर्गानं पसरत नाही, त्यात तिचा दोष नाही. क्रोन्स आणि आतड्याचा क्षय सारखेच दिसतात. क्षय असताना नुसती स्टेरॉइडं दिली तर तो बळावतो. म्हणून 'टीबी नाही ना, हे तपासलं का?' असं विचारायचंच. बरं वाटलं तरी औषध मनानं सोडायचं नाही. आजार शांत असताना दिवस राहिले तर बहुतेकींचं बाळंतपण नीट होतं. सल्फासॅलॅझिनबरोबर फॉलिक ॲसिड लागतं. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही. हे सासू-नवऱ्याच्या आधी तिला सांगायला हवं.

दाखल झाला असाल तर कागद मागा. २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. प्रश्न लिहून न्या, आणि आपल्यातल्या एकीला सोबत न्या.