कोकमाचा लाल रंग टिकवायचा कसा?

अमृत कोकमाची नवी बाटली उजेडात धरली की लालभडक दिसते. काही महिन्यांत तोच रंग विटकरी होतो, मग तपकिरी. चव बरीचशी तीच राहते. पण उडालेल्या रंगाबरोबर ज्याचं आपण अँटिऑक्सिडंट म्हणून कौतुक करतो तेही जातं, कारण दोन्ही एकच आहेत.

त्याचं नाव अँथोसायनिन. कोकमाच्या सालीत ते मुख्यतः सायनिडिनच्या रूपात, साखरेला जोडलेलं असतं. आंबट रसात या रेणूवर धन भार असतो, तोवर तो लाल. आंबटपणा उतरला की पाण्याचा रेणू त्याच्या मधल्या कड्याला येऊन चिकटतो आणि रंग फिका पडतो. पुढे ऊन, उष्णता आणि हवा मिळून त्याचे तुकडे करतात. रस पौष्टिक व्हावा म्हणून वरून क जीवनसत्त्व घातलं, तर रंग उलट लवकर जातो!

इथे पेक्टिन मदतीला येतं. जॅम घट्ट करणारं तेच हे पेक्टिन. त्याच्या लांब साखळीवर ऋण भार असतो, त्यामुळे धन भाराचे रंगरेणू तिला बिलगतात. ते चपटे असल्याने एकावर एक रचले जातात आणि पाण्याला शिरकाव अवघड होतो. स्टार्चपासून बनणाऱ्या माल्टोडेक्स्ट्रिनचं काम वेगळं: रसात मिसळून गरम हवेत फवारलं की ते रंगाभोवती कोरडं कवच धरतं. कोकमावर असे प्रयोग म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत (सीएफटीआरआय) झाले आहेत.

मात्र ‘भरपूर अँटिऑक्सिडंट’ असं लेबल पाहून भुलू नका. परीक्षानळीतल्या आकड्यांचा गैरवापर होतो म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 साली पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारी आपली ‘ओरॅक’ यादीच काढून टाकली. पेक्टिन मात्र मोठ्या आतड्यापर्यंत न पचता जातं, आणि त्याला धरून काही रंगही तिथवर पोचू शकतो. तिथे त्या रंगाचं काय होतं, याची मला खरी उत्सुकता आहे.

तुमच्या या देशात, अमेरिकेत, जानेवारी 2025 मध्ये ‘रेड 3’ या कृत्रिम रंगाची खाद्यपदार्थांतली परवानगी रद्द झाली. कंपन्यांना मुदत जानेवारी 2027 पर्यंत. त्यामुळे वनस्पतीच्या लाल रंगाला मागणी वाढत असताना कोकणात पाऊस लवकर लागला की आमसुलं वाळत नाहीत आणि पिकलेली कोकमं झाडाखाली सडतात. त्या सालींतला रंग गावातच काढून पेक्टिनशी बांधणारे छोटे कारखाने रत्नागिरी-सिंधुदुर्गात उभे राहायला हवेत. तुमच्यापैकी जे अन्नप्रक्रियेत आहेत, त्यांनी व्याख्यानानंतर मला जरूर भेटावं.