कागद येईपर्यंत
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला सांगितलं, "दत्तकाच्या प्रक्रियेची माहिती द्या." ती माहिती केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे आपण ज्याला 'कारा' म्हणतो त्याच्या, संकेतस्थळावर आहे, आणि मी सांगेन त्यापेक्षा नीट आहे. मी आज बोलणार आहे ते मधल्या तेरा आठवड्यांबद्दल.

आमची मुलं, सहा वर्षांची थोरली आणि साडेतीन वर्षांचा तिचा भाऊ, गोव्यातल्या एका संस्थेत होती. जूनअखेर 'कारा'चं ना हरकत प्रमाणपत्र आलं. ते हातात आलं की हमीपत्र लिहून देऊन मुलांना दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी आणता येतं, पण देशाबाहेर नेता येत नाही. दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. हा बदल सप्टेंबर 2022 पासूनचा. कायद्यात त्याला दोन महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर नवा जन्मदाखला, मग पासपोर्ट, हेग कराराप्रमाणे लागणारं अनुरूपता प्रमाणपत्र, आणि शेवटी दिल्लीत वैद्यकीय तपासणी व अमेरिकी दूतावास. म्हणजे मुलं घरात होती, पण कागदावर अजून आमची नव्हती. ह्यांची रजा तिसऱ्या आठवड्यात संपली. ते परत गेले, आणि मी मुलांना घेऊन पेडण्याला सासरच्या जुन्या घरात राहिले. घरात सासूबाई आणि मी. बाहेर पाऊस.

मी वाढले पुण्यात. गोव्यात लग्न करून आले तीसुद्धा गणपतीला चार दिवस राहण्यापुरती. सासूबाई घरात कोकणी बोलतात. पेपर मराठी, आरत्या मराठी. माझ्याशी बोलताना त्या मराठी बोलत, त्यामुळे इतकी वर्षं माझं काही अडलं नव्हतं. मुलांना मात्र कोकणीच येत होती.

चौथ्या-पाचव्या रात्री धाकटा ताप येऊन रडत उठला. मी जवळ गेले तर हात पसरून ओरडायला लागला, "आई जाय! आई जाय!" मला वाटलं, तो मला जा म्हणतोय. संस्थेतल्या ताईंनी सांगितलंच होतं की सुरुवातीला मुलं नाकारतात, मनाला लावून घेऊ नका. मी शहाण्यासारखी बाहेर जाऊन ओसरीवर बसले. आत त्याचा आवाज वाढतच गेला. सासूबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "अगो, बाहेर काय बसलीस? तो तुला बोलावतोय." कोकणीत 'जाय' म्हणजे पाहिजे. पाऊण तास तो मला बोलावत होता आणि मी पावसाकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी सासूबाईंकडून रोज दहा शब्द शिकायला लागले. इथे इंग्रजी शिकवण्याच्या ज्या वह्या मी बरोबर नेल्या होत्या, त्या तशाच परत आल्या.

दिवस असा जायचा. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा, मग पाव. दहाच्या सुमारास पेज आणि तिच्याबरोबर काहीतरी खारं, कारण जुलैअखेरपर्यंत मासेबंदी. दुपारी पाऊस थांबला तर अंगणात चिखल, नाहीतर माळ्यावरची भांडी. थोरली पाव उशीखाली लपवायची. एकदा मुंग्यांची रांग बघून मी तिला समजावायला गेले की इथे खायला कधीही मिळेल. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पाव कपाटात लपवला. सासूबाईंनी काही समजावलं नाही. झाकणाचा एक पितळी डबा काढला, "हो तुजो" म्हणून तिच्या हातात दिला आणि रोज रात्री न बोलता भरून ठेवला. बाल मानसशास्त्राची तीन पुस्तकं वाचून गेलेल्या मला हे सुचलं नव्हतं, हे इथे कबूल करते.

पेडणे तालुक्यातच मोपाच्या पठारावर जानेवारी 2023 पासून विमानतळ सुरू झाला आहे. घरावरून विमान गेलं की धाकटा आत पळायचा. बाबा विमानातून गेले आणि आले नाहीत, एवढंच त्याला माहीत. थोरलीचं निराळं. पासपोर्टच्या फोटोला ती बसेचना. शेवटी कळलं की संस्थेत एखाद्या मुलाचे फोटो काढले की थोड्या दिवसांनी ते मूल दिसेनासं व्हायचं. आता आपली पाळी आणि भावाची नाही, असं तिनं धरलं होतं. मग दोघांचा एकत्र फोटो आधी काढला, तो भिंतीवर लावला, आणि मग एकेकट्याचा.

आदेश ऑगस्टअखेर आला, पण पुढे एका कचेरीत आडनावात एक अक्षर जास्तीचं पडलं. ते काढायला चार खेपा आणि सोळा दिवस लागले. त्या दिवसांत मी फोनवर ह्यांच्यावर जे ओरडले, ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

सासूबाईंचं माहेर डिचोलीला. तिथले मामा निवृत्त शिक्षक. पहिल्याच भेटीत त्यांनी मुलांसमोर विचारलं, "गोत्र कोणतं? आणि दत्तक घ्यायचं तर भावकीतलं का नाही घेतलं?" मला राग आला. पण नंतर वाटलं, आपल्याकडे दत्तक म्हटलं की डोळ्यांपुढे झाशीचा दामोदरराव येतो: गादी, वाडा, पिंड. वारस हवा म्हणून मूल. मुलाला घर हवं म्हणून दत्तक, ही ओळख मामांनाच काय, आपल्यालाही अजून नवी आहे. इथे परतल्यावर "किती नशीबवान मुलं!" हे मला ज्यांनी म्हटलं ते सगळे प्रेमानेच म्हणाले, पण थोरलीला आता मराठी कळतं आणि आपण कशातून वाचलो हे तिला दर रविवारी नव्यानं ऐकावं लागतं.

मामांनी मात्र चवथीच्या आधी स्वतः फोन केला आणि मुलांना डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात नेलं. सुपारीची शिपटी, चिबूड, आंबाडे, कांगलां. धाकट्याला खांद्यावर घेऊन मामा प्रत्येक फळाचं नाव घेत होते आणि तो मागून म्हणत होता. गणपतीवर माटोळी बांधताना थोरलीनं आपल्या डब्यातला लाडू काढून दोरीत अडकवायला दिला. तो अडकेना, म्हणून सासूबाईंनी गणपतीपुढे ठेवला. त्या रात्री डबा भरायचा राहिला, आणि कुणी विचारलंही नाही.

पासपोर्ट विसर्जनानंतर आठवड्यानं आले, दिल्लीची कामं सप्टेंबरअखेर उरकली. मोपाहून दिल्लीला निघालो त्या सकाळी सासूबाई दारापर्यंत पोचवायला आल्या होत्या. धाकट्यानं त्यांचा पदर धरला आणि मला म्हणाला, "आजी जाय." या वेळी मला अर्थ विचारावा लागला नाही.

त्यांच्या व्हिसाची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.