घरातील कागद वाचता यावा म्हणून
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमातील भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेटीत पिवळे पडलेले कागद असतील. जमिनीचे, घराचे, एखाद्या मशिदीच्या वा दर्ग्याच्या इनामाचे. भाषा मराठीच, पण एक अक्षर लागत नाही, कारण लिपी मोडी आहे. मग कागद तसेच राहतात, कसर लागते, नाहीतर रद्दीत जातात. कागद वाचता न येणाऱ्याला आपलाच हक्क दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो.

मोडी ही भराभर लिहिण्याची लिपी. लेखक आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. कान्याची रेघ खालून वर वळून शिरोरेषेला मिळते आणि तेथूनच पुढचे अक्षर निघते. अक्षरे अशी मोडून लिहितात म्हणून ‘मोडी’, असे सांगतात. फार्सी-उर्दूतील ‘शिकस्ता’ या घाईच्या लिपीच्या नावाचा अर्थही ‘मोडलेली’ असाच आहे!

वाचणाऱ्यापुढे अडचणी तीन. पहिली, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, दोन्ही एकसारखेच लिहिले जातात. दुसरी, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. ‘घरासमोरी’ ही अक्षरे ‘घरास मोरी’ अशी तोडली तर सांडपाण्याची मोरी होते, सलग वाचली तर घरापुढची जागा होते. हद्दीच्या वादात एवढा फरक पुरेसा आहे. तिसरी, शब्द तोडून लिहिण्याची सवय. ‘मौ।’ म्हणजे मौजे, ‘रा।’ म्हणजे राजश्री. म्हणून मोडीत अक्षर ओळखायचे ते एकटे नव्हे, मागच्यापुढच्या मजकुरासह.

आता आपल्या मुलांना विशेष सांगायची गोष्ट. जुन्या मोडी कागदांत साल पुष्कळदा अरबी शब्दांत असते. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, अर्थात शुहूर सन 1075. हे वर्ष मे महिन्याच्या अखेरीस सुरू होते. त्यापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी 599 व पुढे 600 मिळवले की इसवी सन येतो. येथे 1674 हे शिवराज्याभिषेकाचे वर्ष निघते. ‘छ’ या खुणेपुढे रजब, शाबान अशा महिन्याची तारीख असते. ‘मजकूर’, ‘तपसील’, ‘हुजूर’ हे शब्द तर पानोपानी. शाळेत मराठी आणि घरी उर्दू बोलणाऱ्या, अरबीची थोडी ओळख असलेल्या मुलाच्या हाती या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या आहेत. त्या त्याने वापरू नयेत काय?

1917 साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध स्वीकारली, आणि पुढे शाळांतूनही मोडी गेली. पण कागद गेले नाहीत. एकट्या पुण्याच्या पेशवे दप्तरात ते कोट्यवधी आहेत. 2023 साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू या दोहोंच्या जाणकारांची गरज सरकारलाही भासली. 2014 साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे ती संगणकावरही आली. तरी जुन्या हस्ताक्षराला माणसाचा सरावलेला डोळा लागतोच.

मित्रांनो, शिकण्याची वाट सोपी आहे. आधी वाचू नका, लिहा. रेघ ओढून बाराखडी गिरवा. हाताला वळण कळले की डोळ्याला अक्षर कळते. नंतर इंग्रजी अमदानीतील सुवाच्य कागद घ्या, जुने मागाहून. ठरावीक मायना आणि शेवट आधी ओळखा, मधला मजकूर आपोआप सुटू लागतो. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षण वर्ग होतात, त्यांचा लाभ घ्या. आणि घरच्या कागदांना प्लास्टिकचे आवरण चिकटवू नका. छायाचित्र काढून त्यावरच सराव करा.

प्रत्येक मोहल्ल्यात मोडी वाचणारा एक मुलगा, एक मुलगी तयार झाली तरी पुष्कळ झाले. शिक्षक बंधु-भगिनींनी आपापल्या शाळेत आठवड्याचा एक तास यासाठी द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.